सुकन्या कंट्रोल आणि तीन नंबरचा हॉर्न

वडवणी,
रविवार, दुपारी सव्वादोन

तीर्थरूप राधाकिशनमामा यांस,

सुकन्याचा नमस्कार. मामींनाही नमस्कार (तो वेगळा धरावा, तुमच्यातला निम्मा नव्हे). इकडे आई, बाबा, मी आणि बाबांच्या सव्वीस शेळ्या खुशाल आहोत. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? दिवाळीत तुम्ही म्हणालात की जिना चढताना त्यातून आवाज येतो आणि उतरताना येत नाही. डॉक्टरांना हे असेच सांगा, नुसते 'गुडघा दुखतो' म्हणू नका. ओझ्याखाली येणारा आवाज आणि ओझ्याशिवाय येणारा आवाज यांची कारणे वेगळी असतात. (हे मला मोटारीच्या बेअरिंगवरून माहीत आहे. गुडघ्याला ते कितपत लागू पडते ते डॉक्टर ठरवतील. तोवर ग्रीस लावू नका.) रक्तातली साखर किती निघाली तेही कळवा, आणि ती उपाशीपोटीची की जेवणानंतरची ते आकड्यासमोर लिहा.

फोन न करता पत्र का, असे तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही माझे वाक्य पुरे होऊ देत नाही. मी 'मामा, ती पुण्याची नोकरी' एवढे म्हणते, तुम्ही 'हो म्हणून टाक' म्हणता आणि फोन मामींच्या हातात देता. मामी मला जेवलीस का विचारतात. मी जेवलेली असते. तिथे संभाषण संपते. पत्राला असे मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

विषय तुम्हाला माहीत आहे, तरी एकदा नीट मांडते. पुण्याच्या कंपनीने मला मोटारींच्या कंट्रोलरच्या विभागात परत बोलावले आहे, त्यासाठी तुम्ही शब्द टाकलात, आणि उद्या सोमवारी संध्याकाळपर्यंत त्यांना होय किंवा नाही कळवायचे आहे. दुसऱ्या बाजूला, जूनमध्ये मी इथे बाजारपेठेत दुकान घेतले तेव्हा बाबांशी माझा करार झाला. (तोंडी. पण बाबा तोंडी करार विसरत नाहीत, लेखी विसरतात.) तुळशीचे लग्न लागेपर्यंत माझ्या हातची एक तरी गाडी चालली पाहिजे आणि मालकाने ती आपणहून ठेवून घेतली पाहिजे. तसे झाले तर दुकान राहील. नाही तर शटर ओढायचे आणि पुण्याची गाडी धरायची. तुळशीचे लग्न पाच दिवसांत कुठल्याही दिवशी लागते, तेव्हा यातला कुठला दिवस धरायचा, असे मी विचारले होते. बाबा म्हणाले, "शेवटचा धर. लग्न म्हटलं की उशीर व्हतोच." तर एक गाडी. तिची परीक्षा काल शनिवारी झाली. त्यावरून ठरवीन असे मी तुम्हाला सांगितले होते, म्हणून काल जे घडले ते खाली क्रमाने लिहीत आहे. मत मी देणार नाही, ते तुम्ही बनवावे.

गाडी रहमतुल्लाचाचांची. बसस्टँडसमोर जे फळे विकतात ते. तुम्ही त्यांच्याकडून एकदा कच्चे पेरू नेले होते आणि दोष त्यांना दिला होता. त्यांचा तीनचाकी मालवाहू टेम्पो आहे, डिझेलचा. सपाटीला तो चांगला पळतो, पण नारायणगडाच्या जत्रेला माल घेऊन निघाले की चढाला इंजिन पाणी मागते, धूर मागच्या सीताफळांत शिरतो आणि गिऱ्हाईक फळ हुंगून परत ठेवते. त्यांचा पुतण्या जाकीर मेकॅनिक आहे आणि माझ्याबरोबर दुकानात काम करतो. आम्ही दोघांनी मिळून त्या टेम्पोच्या पुढच्या चाकात मोटार बसवली, सीटखाली बॅटरी, आणि मध्ये मी बनवलेला कंट्रोलर. मागे इंजिन आहे तसेच. सपाटीला डिझेल, चढाला आणि गर्दीत बॅटरी. उताराला तीच मोटार उलटी वागून बॅटरी भरते. अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीला हायब्रीड म्हणतात. मी चाचांना हे पाऊण तास समजावले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी उतरताना खाते, चढताना राबते. बेटी, ही तं सून झाली." मग त्यांनी अट सांगितली. गावाबाहेरच्या म्हसोबाच्या चढावर, सोळा क्रेट सीताफळे भरून, इंजिन बंद ठेवून, टेम्पो खालून वरपर्यंत गेला पाहिजे आणि मध्ये कुठेही थांबता कामा नये. "वेळ लागूं दे. पण थांबली का, तुझी मोटार तू काढून घे." (नवा रस्ता झाल्यापासून त्या चढावर रहदारी नाही. परिवहन कार्यालयाकडे माझा रीतसर अर्ज गेलेला आहे. हे तुम्ही विचारण्याआधी लिहिले.)

हे सगळे सरळ होते. वाकडे झाले ते पाटीमुळे.

पाटी सटवा पेंटरने रंगवली. मी त्याला कागदावर मजकूर लिहून दिला होता, अक्षरांची उंची सेंटिमीटरमध्ये दिली होती, आणि तो मजकूर असा होता: 'सुकन्या कंट्रोल सिस्टिम्स, हायब्रीड व इलेक्ट्रिक वाहने'. सटवाचा स्वभाव असा की पहिले अक्षर तो मनापासून काढतो. त्यामुळे 'सुकन्या कंट्रोल' एवढ्यातच वरची ओळ भरली. खाली त्याने 'हायब्रीड' तेवढ्याच मनापासून काढले आणि पत्रा संपला. 'इलेक्ट्रिक वाहने' बाजूच्या भिंतीवर गेले, जिथे आता शेजारच्याची मोटारसायकल उभी असते. राहिले 'सिस्टिम्स'. ते त्याने शटरवर काढले. शटर मी सकाळी नऊला वर सरकवते आणि संध्याकाळी सातला खाली ओढते. म्हणजे दुकान बंद असते तेव्हाच पाटी बरोबर असते.

मामा, तुम्हाला पुण्यात जाऊन तीस वर्षे झाली, तरी इतके आठवत असेल की आपल्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचे दुकान. कंट्रोलची साखर, कंट्रोलचे रॉकेल. आणि हायब्रीड म्हणजे हायब्रीड ज्वारी, जिची भाकरी थापताना बायका बियाणे कंपनीच्या नावाने बोटे मोडत असत. हे दोन्ही शब्द एका पाटीवर, एकाखाली एक, लाल ऑइलपेंटमध्ये आले की त्यांचा अर्थ एकच होतो. सरकारने कंट्रोलवर पुन्हा हायब्रीड सुरू केली आहे आणि ती सुकन्या नावाची बाई वाटते. यात भर बाबांची. शेळ्यांच्या बाजारात कोणीतरी त्यांना विचारले, पोरगी काय शिकली? बाबा म्हणाले, "कंट्रोलचं शिकलीय. पुण्यात." (मी नंतर त्यांना विचारले की असे का सांगितले. ते म्हणाले, "खोटं हाय का?" खोटे नाही. हीच अडचण आहे.) पुण्यात जाऊन रेशनचे शिकून आलेली मुलगी म्हणजे वरच्या ओळखीची, हे कोणालाही पटेल.

पहिल्या बाजाराच्या दिवशी चार बायका आल्या, पिशव्या आणि कार्डे घेऊन. मी सांगितले की हे ते दुकान नाही. त्या म्हणाल्या, "बरं, मग माल कवा येणार?" दुसऱ्या बाजाराला अकरा जणी. एकीने मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून माझ्या मल्टिमीटरवर अंगठा दाबून पाहिला. काही आकडा आला (अंगठा ओला होता), तेव्हा ती समाधानाने घरी गेली. मी दारावर कागद चिकटवला: 'येथे धान्य मिळत नाही'. त्यावरून गावात असे पसरले की धान्य अजून आलेले नाही, आले की कागद काढतील. आठवड्याने वाऱ्याने कागद उडाला आणि दुकानासमोर अर्धा रस्ता अडला.

यात एक साखराबाई होत्या. वय पासष्ट असेल, आवाज त्याहून तरुण, रोज मळ्यातून चार किलोमीटर चालत येणाऱ्या. त्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "मला येडी समजू नको. ज्वारी न्हाई ते दिसतंय मला. मग कंट्रोल कशाचा हाय ते सांग." हा प्रश्न सहा महिन्यांत मला पहिल्यांदाच नीट विचारला गेला, म्हणून मी नीट उत्तर दिले. म्हटले, मोटार मागेल तेवढी वीज दिली तर मोटार जळते आणि बॅटरी बसते. म्हणून मध्ये हा डबा बसतो. बॅटरीत किती आहे ते हा बघतो, मोटारीला खरी गरज किती आहे ते बघतो, आणि तेवढीच देतो. कितीही ओरडा केला तरी जास्त नाही. साखराबाईंनी कंट्रोलरच्या डब्यावर बोटाने वाजवून पाहिले. मग मागे वळून बायकांना म्हणाल्या, "तेच की गं! मागणारे लई, माल थोडा, मधी बसलेला मापात देतोय. कंट्रोलच हाय हा!" मामा, मी अभियांत्रिकीच्या चार वर्षांत आणि कंपनीच्या दोन वर्षांत याहून अचूक व्याख्या ऐकलेली नाही. दुर्दैवाने त्या व्याख्येने रांग दुप्पट झाली.

रांगेचे लोक बॅटरीच्या उघड्या तारांपर्यंत येऊ लागले, तेव्हा जाकीरने माझ्याशी न बोलता पुठ्ठ्याचे तुकडे कापले, त्यांवर आकडे लिहिले आणि वाटून टाकले. त्याच्या मते नंबर दिला की माणूस मागे सरून बसतो. हे खरे आहे. पण नंबर दिला म्हणजे माल आला, हेही तितकेच खरे आहे, आणि ते त्याने लक्षात घेतले नाही. मी त्याला एवढेच म्हणाले की पुढच्या वेळी विचारून कर. तो म्हणाला, "ताई, विचारलं असतं तं तू न्हाई म्हनली असती."

जाकीरची दुसरी कामगिरी हॉर्नची. कंट्रोलरमध्ये काही बिघडले तर तो आवाजाच्या संख्येने सांगतो: दोनदा वाजला तर ॲक्सिलरेटरची वायर सुटली, तीनदा म्हणजे कंट्रोलर तापला, चारदा म्हणजे बॅटरीचा दाब उतरला, पाचदा म्हणजे मोटार तापली. एकदा वाजणे म्हणजे सगळे ठीक. गाडी चालू करताना तो तसा एकदा वाजतो. त्यासाठी लागणारा छोटा बझर वेळेवर आला नाही, म्हणून जाकीरने ती वायर टेम्पोच्या रिव्हर्स हॉर्नला जोडली. म्हणजे जो आवाज माझ्या एकटीच्या कानाला पुरला असता, तो आता म्हसोबापासून बाजारपेठेपर्यंत जाऊ लागला.

आता काल. सकाळी नऊला सोळा क्रेट भरले. मी हिशेब केला होता: माल तीनशे वीस किलो, पुढे जाकीर आणि चाचा, मागे मी मोजमाप घ्यायला. एवढ्या वजनाला कंट्रोलर चढाच्या टोकाशी जेमतेम तापायला लागेल. दुकानासमोर पाच बायका (त्यांत साखराबाई) पुठ्ठ्याचे नंबर घेऊन बसल्याच होत्या. त्यांनी विचारले, कुठं चालला? चाचा म्हणाले, म्हसोबाच्या चढाला. मामा, म्हसोबाच्या चढावर वरच्या अंगाला काय आहे ते आठवा. जुने सरकारी गोदाम. पाचही जणी पदर खोचून उठल्या आणि क्रेटवर चढून बसल्या. माल आणायला चाललेत, परत यायची वाट कशाला बघा, तिथेच घेऊ. मी चाचांना म्हटले, यांना उतरवा. चाचा म्हणाले, "गाडीत बसलेल्या बाईला उतरवायची जबान माझ्यापाशी न्हाई. तुझ्यापाशी असंल तं बोल." मी बोलले. कोणी उतरले नाही.

मग निदान वजन तरी नीट वाटावे म्हणून (मोटार पुढच्या चाकात आहे, चढाला भार मागे सरकतो आणि पुढचे चाक हलके पडते) मी म्हणाले की ज्या जास्त जड आहेत त्यांनी पुढे सरकावे. एकीनेही हालचाल केली नाही. उलट माझ्याकडे असे पाहिले की मी वही बंद केली. चाचांनी मान मागे वळवून म्हटले, "जी मानाची असंल तिला पुढं येऊ द्या." चौघी एकदम पुढे सरकल्या. सहा महिने मी या माणसाला वजनाचे वाटप शिकवत होते.

निघालो. इंजिन बंद केले, हॉर्न एकदा वाजला (बसायच्या गडबडीत तो कोणी मोजला नाही), मोटार लागली. पहिले तीनशे मीटर ताशी बारा किलोमीटर. आवाज नाही, धूर नाही. उजव्या बाजूला बाबा शेळ्या घेऊन उभे होते. (त्या बाजूला चारा नाही. ते तिथे का होते हे मी विचारलेले नाही.) मग चढ खडा झाला आणि कंट्रोलरचे तापमान माझ्या हिशेबाच्या दुप्पट वेगाने वर जाऊ लागले. नव्वद अंशांना त्याने, त्याला शिकवल्याप्रमाणे, करंट कमी केला. वेग पाचवर आला. आणि हॉर्न तीनदा वाजला.

"तीन नंबर!" साखराबाई ओरडल्या. "माझा हाय!" आणि पिशवी घेऊन चालत्या टेम्पोतून उतरल्या.

मला आधी कळलेच नाही. टेम्पो चालतो आहे, साखराबाई ड्रायव्हरच्या दारापाशी बरोबरीने चालत आहेत, जाकीरपुढे पुठ्ठा नाचवून विचारत आहेत, "नंबर पुकारला, आता माल दे की! कावून देईना?" जाकीर दोन्ही हातांनी हँडल धरून 'मावशी बाजू व्हा' म्हणतो आहे. तेवढ्यात बॅटरीचा दाब खाली आला. चारदा. चार नंबर भामाबाईंचा होता. भामाबाई क्रेटवरून उतरल्या तेव्हा टेम्पोची मागची बाजू चार बोटे वर आली. मी ते डोळ्यांनी पाहिले. वेग त्या वेळी ताशी एक पूर्णांक एक किलोमीटर होता. चाकावरच्या चिखलाच्या एका ठिपक्याचे फेरे मला मोजता येत होते. मग मोटार तापली. पाचदा. पाच नंबरच्या बाई भामाबाईंच्या विहीण होत्या. त्यांनी 'येते गं बाई' म्हणून रीतसर निरोप घेतला आणि उतरल्या.

मामा, इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. कंट्रोल सिस्टिमचे सगळे शास्त्र एका वाक्यात असे आहे: यंत्राला त्रास झाला की तो त्रास मोजावा, आणि त्यावरून त्याचे ओझे आपोआप कमी व्हावे. मी यासाठी सहा महिने प्रोग्राम लिहिला. काल जे झाले ते असे की गाडी तापली, तिने नंबर पुकारला, त्या नंबरची बाई उतरली, ओझे कमी झाले, गाडी निवली. तिघी उतरल्यावर तापमान खाली आले, हॉर्न बंद झाला, वेग चारवर गेला. माझ्या प्रोग्राममध्ये यातले काहीही नव्हते. मला हे कुठे लिहूनही देता येणार नाही, कारण भामाबाईंना आकृतीत कसे दाखवायचे ते मला माहीत नाही.

राहिल्या एक आणि दोन नंबरच्या जावा. त्या भयंकर चिडल्या. आम्ही पहाटे येऊन नंबर लावला, आमच्याआधी तीन, चार, पाच कसे पुकारले? ही वशिलेबाजी आहे, तहसीलला अर्ज देऊ. मी समजावत होते की एक म्हणजे सगळे ठीक आणि दोन म्हणजे वायर सुटली. थोरली म्हणाली, "आमची वायर सुटली का न्हाई ते तू नको सांगू." टेम्पो वर पोचला. जाकीरने चावी बंद करून पुन्हा चालू केली, तेव्हा नेहमीप्रमाणे हॉर्न एकदा वाजला आणि थोरली जाऊ मानाने उतरली. धाकटी उतरेना. तिचा नंबर वाजला नव्हता. शेवटी जाकीरने ॲक्सिलरेटरची वायर हाताने उपटली. टीं, टीं. धाकटी उतरली.

गोदामाला कुलूप होते. ते चौदा वर्षांपासून आहे.

पण मला त्या वेळी गोदामाचे काही वाटत नव्हते. चाचा टेम्पोपासून दहा पावलांवर उभे होते, पाठ आमच्याकडे. मी लॅपटॉप घेऊन गेले. आलेख दाखवला: तळापासून माथ्यापर्यंत एकोणीस मिनिटे, सर्वांत कमी वेग एक पूर्णांक एक, शून्य कुठेही नाही. चाचांनी आलेख पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. म्हणाले की बेटी, ही रेघ तुझीच आहे, तुझ्याच डब्यातली, ती तुझ्याच बाजूने बोलणार. मी समोर बसलो होतो. त्या मधल्या वळणावर मला झाड जागचे हललेले दिसले नाही. गाडी थांबली होती. मी म्हटले, हळू होती. ते म्हणाले, थांबली होती. जाकीर म्हणाला, "चाचा, चाक फिरत व्हतं." ते म्हणाले, "तू गप बस बे. तू तिचा नोकर."

माझ्यापाशी आणखी काही पुरावा नव्हता. वेग मोजणारा माझा सेन्सर माझा, लॅपटॉप माझा, आलेख माझा. मी लॅपटॉप मिटला.

चाचांनी आजूबाजूला बघितले आणि साखराबाईंना हाक मारली. त्या कुलूप ओढून बघत होत्या. चाचा म्हणाले, "खाला, तुमी खुदाला मानणारी बाई. खरं बोला. मधी गाडी थांबली व्हती का न्हाई?"

साखराबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी तिच्या दारापाशी चालत व्हते का न्हाई?"

"व्हता."

"मी थांबले का कुठं?"

चाचांनी मधल्या वळणाकडे वळून पाहिले.

"चढाला माझा पाय एकदा उचलला की मला थांबता येत न्हाई, गुडघा धरतो. उतरले तिथून मी ह्या पोराला शिव्या देत वर आले. ती थांबली असती तं मी पुढं निघून गेले असते आन् शिव्या मागं राहिल्या असत्या. एक बी शिवी वाया गेली न्हाई. इचार त्याला."

जाकीरने मान हलवली. एकही गेली नव्हती.

चाचांनी टेम्पोच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, जशी बैल विकत घेताना मारतात. "रख लिया," म्हणाले. मग पाचही जणींना पिशवीभर सीताफळे दिली, कारण रिकाम्या हाताने त्यांना खाली नेणे त्यांना जमले नसते. उतरताना मोटारीने बॅटरी भरली, साडेतीन टक्के. पाचही जणी त्याच गाडीतून खाली आल्या, पुढे बसण्यावरून भांडल्या. दुकानाशी पोचल्यावर चाचांनी मला बाजूला घेऊन एकच मागणी केली: बझर आला तरी हॉर्न काढायचा नाही. त्यांनी आयुष्यभर ओरडून गिऱ्हाईक गोळा केले आहे. आवाज नुसता मोजून वाजावा आणि बाई पिशवी घेऊन धावत यावी, हे त्यांनी काल पहिल्यांदा पाहिले.

तर हे झाले कालचे. तांत्रिक निष्कर्ष असे की मोटार मी एक माप लहान निवडली, कंट्रोलरला हवा पुरत नाही, आणि वजनाचा अंदाज घेताना माणसांचा अंदाज घ्यायला हवा होता. या तिन्ही चुका माझ्या आहेत. बाकी गाडी मालकाने ठेवून घेतली. तुम्ही आता या सगळ्याचा शांतपणे विचार करा, आणि उद्याच्या होय-नाहीबद्दल तुमचे जे मत होईल ते मला कळवा. मी ते मोकळ्या मनाने ऐकेन. मामींना सांगा, मी जेवले आहे.

तुमची भाची,
सुकन्या

ता. क. १: हे पत्र तुम्हाला बुधवारी मिळेल आणि मुदत सोमवारची आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच. कंपनीला मी गुरुवारीच 'नाही' कळवले. परीक्षेच्या दोन दिवस आधी. निकाल यायच्या आधी निर्णय घेणे चुकीचे आहे हे मला मान्य आहे. मी दुसऱ्या कोणाला असे करू दिले नसते. काल गाडी थांबली असती तर माझ्याकडे दोन्हींपैकी काहीच उरले नसते. चाचा झाड हलत नव्हते म्हणाले तेव्हा मी हाच विचार करत होते.

ता. क. २: खरे काम हे. बाबांना हे अजून माहीत नाही. नोकरीसाठी त्यांनीच तुम्हाला गळ घातली होती, तेव्हा गाडी चालली हे त्यांना पुरेल, पण मी आधीच नाही म्हणून बसले होते हे कसे घेतील ते मला मोजता येत नाही. मला कोणालाही करंट समजावता येतो, हे सांगता येत नाही. तुम्ही त्यांना फोन करून सांगा. तुमचे ते ऐकतात. निदान वाक्य पुरे होऊ देतात.

ता. क. ३: पत्र पोस्टाच्या पेटीत टाकायला बाबाच चालले आहेत, म्हणून इथेच संपवते.

*

राधाकिसन, रामराम. हे मी लिव्हतोय, आश्रुबा. पोरीनं पाकीट माझ्या हाती दिलं, त्याला डिंक लावलेला न्हाई. आता ही पोरगी खिळा बी मोजून ठेवती, ती डिंक इसरंल व्हय? म्हंजी मी वाचावं म्हणूनच दिलंय. पोस्टाच्या पायरीवर बसून समदं वाचलं. आता डिंक लावतो. तू बुधवारी मला फोन कर आन् काय सांगायचं ते सांग. मी पयल्यांदाच ऐकल्यावानी करतो. जरा ओरडतो बी, न्हाई तं तिला संशय यील.